बारा महिने आणि एक दिवस

ही गोष्ट रत्नदीप मेश्रामनं मला अकरा वेळा सांगितली, आणि अकराही वेळा मी ती पहिल्यांदाच ऐकली. हा माझ्या वयाचा दोष नव्हे. माझी स्मरणशक्ती इतकी शाबूत आहे की जे घडलंच नाही तेसुद्धा मला तपशीलवार आठवतं. दोष होता रत्नदीपच्या हुशारीचा.

सिंगापूरच्या पुंगोल भागात आमच्या इमारतीच्या, इथल्या भाषेत ब्लॉकच्या, खाली कॉफी शॉप आहे. तिथे सकाळी मी कमी साखरेची कॉफी, इथे कोपी म्हणतात ती, घेऊन बसतो. करडी सूटकेस ओढत एक गृहस्थ यायचा, जय भीम म्हणून समोर बसायचा. मी विचारायचो, नवीन दिसता, कधी आलात सिंगापूरला? तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा. बाराव्या वेळी मी त्याला ओळखलं, तेव्हा कुठे ही गोष्ट माझ्या डोक्यात टिकली. तेव्हा आता सांगूनच टाकतो.

रत्नदीप मूळचा भंडाऱ्याचा. इथे एका जहाज कंपनीत अकाउंटंट. आमच्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. बायको दीप्ती नागपूरची, एका प्रयोगशाळेत संशोधक. मुलगी इरा आठ वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. माणसाला दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही. नाद एकच, बँकांच्या ऑफरचा.

ते गणित असं. जुन्या गिऱ्हाइकाला बँक शंभर डॉलरवर वर्षाला पाच सेंट व्याज देते. नव्याला देते चार डॉलर, वर एखादी भेटवस्तू. आणि नवा म्हणजे कोण, तर ज्याचं गेल्या बारा महिन्यांत त्या बँकेत एकट्याचं किंवा कुणाबरोबरही खातं नव्हतं असा. बाकीचे लोक ह्या अटी वाचत नाहीत. रत्नदीपनं त्या परित्राणपाठासारख्या, एक शब्द न गाळता वाचल्या. त्याच्या लक्षात आलं की नवा माणूस जन्मालाच यावा लागतो असं कुठेही लिहिलेलं नाही. खातं बंद करायचं, बारा महिने आणि एक दिवस थांबायचं, की आपण पुन्हा नवे.

मग पाच बँका आळीपाळीनं. ह्या बँकेत नवा, त्या बँकेत बंद, तिसरीत आठ महिने झालेले. बँकांना तो नावानं ओळखत नसे, भेटीवरून ओळखे: छत्रीवाली, राईस कुकरवाली, फ्लास्कवाली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं सगळ्या तारखा. घरात सात छत्र्या आणि चार राईस कुकर झाले होते. दीप्ती म्हणायची, आपल्याकडे माणसं तीन आणि भात चौघांचा कशाला.

दर वेळी फॉर्मवर एका चौकोनात खूण करायची असते, की मी ह्या बँकेला नवीन आहे. काउंटरवरची मुलगी विचारते, पहिल्यांदाच येताय ना सर? हा म्हणतो, पहिल्यांदाच. त्यासाठी त्यानं एक चेहरा बसवला होता. थोडा बावरलेला, छताकडे बघणारा, पेन कुठे आहे ते विचारणारा. रत्नदीप मला म्हणाला, सुरुवातीला हा चेहरा बँकेच्या दारातच उतरायचा. मग तो स्टेशनपर्यंत टिकायला लागला. मग LRT च्या छोट्या गाडीत. मग लिफ्टच्या आरशात.

पहिली खूण शेजारच्या मिसेस गोहंनी दिली. नऊ वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेली बाई. इराच्या जन्माच्या वेळी पंधरा दिवस सूप आणून देत होती. ती एका संध्याकाळी अननसाच्या टार्टचा डबा घेऊन आली आणि रत्नदीपला म्हणाली, नवीन राहायला आलात वाटतं, वेलकम. त्यानं काय करावं? डबा घेतला, थँक्यू म्हटलं. टार्ट छान होते. त्यानंतर खालच्या न्हाव्यानं पहिल्या भेटीची सवलत दिली. रविवारच्या बुद्धवंदनेला आपली मंडळी जमली, तर आयोजकांनी त्याला उभं करून ओळख करून द्यायला लावली, गुलाब दिला आणि खीर आधी वाढली. आठ वर्षं तो तिथल्या खुर्च्या मांडत होता.

त्या दिवशी परतताना दीप्ती लिफ्टमध्ये म्हणाली, "लोक तुम्हाला विसरायला लागलेत, आणि तुम्ही त्याच्यावर सवलत घेताय?"

"वीस टक्के," रत्नदीप म्हणाला.

इथपर्यंत ठीक होतं. नंतर सूटकेसवाली बँक आली.

तिची ऑफर अशी होती की रत्नदीपनं ती तीनदा वाचली आणि चौथ्यांदा मोठ्यानं वाचली. पण आड एक जुनं खातं येत होतं. बारा वर्षांपूर्वी दीप्ती लग्न होऊन सिंगापूरला आली, त्या पहिल्याच आठवड्यात दोघांनी लिटिल इंडियातल्या त्या बँकेच्या शाखेत मिळून खातं काढलं होतं. दीप्तीनं नवऱ्याचं नाव लावून पहिली सही तिथे केली. काउंटरवरच्या माणसानं ती दोनदा करायला लावली होती, कारण पहिल्या सहीत तिचा हात हलला होता. त्या खात्यात आता पन्नास-साठ डॉलर असायचे. शिल्लक कमी म्हणून बँक दर महिन्याला दोन डॉलर कापून घ्यायची. रत्नदीपच्या लेखी ती गळकी बादली होती. पण दीप्ती महिन्यातून एकदा वाणसामान आणायला लिटिल इंडियात गेली की थोडे पैसे भरायची आणि पासबुक छापून आणायची.

तो म्हणाला, हे बंद केल्याशिवाय मी तिथे नवा होत नाही. ती म्हणाली, राहू द्या की तेवढं एक. त्यानं कागदावर आकडे मांडून दाखवले. तिनं आकडे पाहिलेसुद्धा नाहीत.

"दोन डॉलरांत दर महिन्याला दोघांची नावं एकाखाली एक छापून मिळतात," ती म्हणाली. "महाग आहे का?"

तो तीन आठवडे मागे लागला. शेवटी तिनं सही केली. ह्या वेळी हात हलला नाही. घरी आल्यावर तिनं ते निळं पासबुक, कोपरा कापून बँकेनं परत दिलेलं, इराच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवून दिलं.

बारा महिने गेले. वर एक दिवस गेला. त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून रत्नदीप त्या शाखेत गेला. काउंटरवरच्या मुलीनं त्याचा ओळखपत्राचा नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा टाकला. म्हणाली, सर, तुम्ही अगदी नवे आहात, तुमचं कुठेच काही नाही. असं म्हणताना तिच्या अंगावर काटा आलेला त्याला दिसला, पण एअरकंडिशनर फार गार होता असं त्यानं धरलं. खातं उघडलं. भेट म्हणून करडी सूटकेस मिळाली, चार चाकांची. ती घेऊन तो संध्याकाळी सात वाजता घरी आला.

दाराच्या कुलुपावर अंगठा ठेवला. लाल दिवा. अंगठा पँटला पुसून ठेवला. पुन्हा लाल. मग त्यानं बेल वाजवली.

इरानं दार उघडलं, जाळीचं दार मात्र लावलेलंच ठेवलं, जसं तिला शिकवलं होतं. त्याच्याकडे बघितलं, सूटकेसकडे बघितलं, आणि आत ओरडून सांगितलं, "मम्मा, गॉट वन अंकल आउटसाइड."

दीप्ती हात पुसत आली. "नमस्कार. कोण हवंय आपल्याला?"

त्याला वाटलं मायलेकींनी ठरवून चालवलंय. तो हसला. त्या हसल्या नाहीत. काय बोलावं ते सुचेना म्हणून तोंडातून आपोआप निघालं, "जय भीम."

तेवढ्यानं तिचा चेहरा सैल झाला. "जय भीम. आपल्यातलेच दिसता. या ना, बसा. इराचे पप्पा येतीलच इतक्यात."

आता तुम्ही म्हणाल, त्यानं ओरडून सांगायला हवं होतं. सांगणार काय? आपल्याच बायकोला मी तुझा नवरा आहे म्हणून सांगायचं, तर पुरावा लागतो. आणि पुरावे तर त्यानं पाच बँकांतून स्वतःच्या हातानं पुसून काढले होते. तो सोफ्याच्या कडेवर बसला, जसे पाहुणे बसतात. दीप्तीनं ट्रेमधून पाणी आणलं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या पेल्यात. गाव विचारलं. त्यानं भंडारा सांगितलं.

"अगं बाई, आमचे मिस्टरही भंडाऱ्याचेच. रत्नदीप मेश्राम. ओळखत असाल तुम्ही."

"नावानं ओळखतो," तो म्हणाला.

समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, खाली बुद्धमूर्ती, बाजूला लग्नाचा फोटो. लग्नाच्या फोटोत दीप्ती स्पष्ट दिसत होती. शेजारच्या माणसाच्या तोंडावर ट्यूबलाइटची चकाकी आली होती. तो सोफ्यावर इकडे सरकला, तिकडे सरकला. चकाकी त्याच्याबरोबर सरकत होती.

तिनं जेवायला बसवलं. तव्यावरून थेट ताटात पोळी, वांग्याची भाजी, डाळीवर तूप. नवरा म्हणून तेरा वर्षांत त्याला त्या घरात एवढं तूप मिळालं नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक ताट वाढून त्याच्यावर दुसरं ताट झाकलेलं होतं. ते इराच्या पप्पांचं. चौथी पोळी वाढताना दीप्ती म्हणाली, "घ्या ना भाऊ, लाजू नका."

रत्नदीप सांगतो, बाकी सगळं त्यानं सोसलं असतं. पण त्या भाऊवर त्याच्या घशात घास अडकला, आणि तिनं घाईनं पाणी पुढे केलं, परक्याला करतात तसं, बोटाला बोट लागू न देता.

आठाच्या सुमाराला तो उठला. उशिरापर्यंत परक्या बाईच्या घरात बसून कसं चालेल? लिफ्टपाशी बूट घालायला वाकला आणि मागे, बंद दारातून, त्याला हसू ऐकू आलं. नाकातून सुरू होऊन घशात पोचणारं. ते त्याचं स्वतःचं हसू होतं. मग दीप्तीचा आवाज, केवढा उशीर, ताट गार झालं. मग चमच्याचा आवाज. इराचं पप्पा पप्पा. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली. ह्याचा हात बेलकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्याच्या मनात एकच आलं, की दार उघडायला जर मीच आलो तर?

आत हसणारं ते बंद केलेलं खातं होतं, असं रत्नदीपचं म्हणणं. बारा वर्षांचं जुनं. ह्यानं सोडून दिलं, ते आपलं आपण घरी गेलं.

त्यानं समोरच्या ब्लॉकमध्ये एक खोली भाड्यानं घेतली. तिथून त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. ऑफिसनं त्याला नवा म्हणून पुन्हा प्रोबेशनवर घेतलं, नव्याच्या पगारावर. संगणक कसा चालू करायचा ते एका पोरीनं दाखवलं. कॉफी शॉपमध्ये एक म्हातारा त्याला दर वेळी विचारायचा, नवीन दिसता, कधी आलात? व्याज मात्र महिन्याच्या एक तारखेला वेळेवर आलं. पूर्ण चार टक्के.

संध्याकाळी तो अकराव्या मजल्यावर जायचा. दर वेळी जाळीमागे इरा, दर वेळी नमस्कार, कोण हवंय, दर वेळी जय भीम आणि गाव कोणतं. दर वेळी झाकलेलं ताट. दर वेळी तूप. अशा दहा संध्याकाळी झाल्या आणि दहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की इराचे पुढचे दोन दात पडलेत. ते कधी पडले, पडताना ती रडली का, दात कुठे ठेवले, हे सगळं त्या हसणाऱ्याला माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला. जुनं खातं पुन्हा जिवंत करा म्हणाला. ते होत नाही, असं उत्तर मिळालं. मग नवरा-बायकोचं साधं खातं काढायचं तर? काउंटरवरच्या मुलीनं समजावून सांगितलं की त्याला बोनस नाही. भेट नाही. शिल्लक कमी असेल तर महिन्याला दोन डॉलर कापले जातील. आणि असलं खातं काढलंत की तुम्ही नवे राहणार नाही, चार टक्के आजपासून बंद. तिनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनंही पाच मिनिटं त्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला. सिंगापूरच्या इतिहासात हा माणूस तोट्यासाठी एवढा भांडणारा पहिलाच असावा. शेवटी मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, पण दोघांनी समक्ष यावं लागेल.

अकरावी संध्याकाळ. पाणी झालं, गाव झालं, जेवण झालं. रत्नदीपनं ताटात हात ठेवून सांगितलं, ताई म्हणायला जीभ वळेना म्हणून कशानंच हाक न मारता सांगितलं, की मला तुमच्याबरोबर बँकेत एक खातं काढायचंय.

दीप्तीनं पोळ्यांचा डबा बंद केला. इराला आत जायला सांगितलं. मग शांतपणे म्हणाली, "भाऊ, मी तुमच्याबरोबर खातं कशाला काढू? इराचे पप्पा येतीलच इतक्यात, त्यांच्याशी बोला. त्यांना ह्यातलं फार कळतं. फायदा असेल तर ते सोडणार नाहीत."

"फायदा काही नाही."

"मग?"

"तोटाच आहे. महिन्याला दोन डॉलर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला तो नवा चेहरा करायची सवय होती, बावरलेला, छताकडे बघणारा. त्या क्षणी तो चेहरा काही केल्या येईना. तो म्हणाला, "दोन डॉलरांत दर महिन्याला दोन नावं एकाखाली एक छापून मिळतात."

आतल्या खोलीत इराची पेन्सिल खाली पडून गडगडत गेली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" दीप्तीनं विचारलं.

"इराच्या मम्मीनं."

ती उठली. वाटलं आता ही दार उघडून जा म्हणणार. ती कॅलेंडरपाशी गेली. लाल पेनानं लिहिलेल्या त्या तारखा तिनं पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघितल्या. मग शनिवारच्या चौकोनात काळ्या पेनानं लिहिलं: अकरा वाजता, लिटिल इंडिया, बँक. म्हणाली, "मी विसरेन. हल्ली मला कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटतं, आणि कोण ते आठवत नाही."

शनिवारी ती आली. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, खांद्यावर वाणसामानाच्या रिकाम्या पिशव्या. ह्याला विचारलं, इथे मला कुणीतरी भेटणार होतं, तुम्हीच का ते? तो म्हणाला, मीच. दोघं काउंटरवर बसले. त्यानं आधी सही केली, आणि त्याच क्षणी चार टक्क्यांवर पाणी सोडलं. दीप्तीनं पेन घेतलं. सही करताना तिचा हात हलला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सॉरी मॅडम, पुन्हा एकदा कराल का? तिनं पुन्हा केली. पासबुक हल्ली कुणी मागत नाही, ते कपाटातून शोधून काढावं लागलं. यंत्रानं करकरत दोन नावं छापली. दीप्तीनं त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि पासबुक पर्समध्ये टाकलं.

बाहेर येऊन तिनं तूरडाळ घेतली, कढीपत्ता आणि कोथिंबीर घेतली, वांगी एकेक दाबून घेतली. रत्नदीप दोन पावलं मागे उभा, परक्यासारखा, हात मागे बांधून. तांदळाची दहा किलोची पिशवी दुकानदारानं काउंटरवर ठेवली. दीप्तीनं मागे न बघता ती उचलली आणि त्याच्या अंगावर दिली.

"धरा हे. आणि कोथिंबीर त्याच्याखाली घालू नका, मागच्या वेळी चिखल केलात."

पाहुण्याच्या हातात कुणी दहा किलो तांदूळ देत नाही. रत्नदीप सांगतो, स्टेशनपर्यंत त्यानं ती पिशवी एकदाही खाली ठेवली नाही. घरी कुलुपावर अंगठा लावला तर हिरवा दिवा. त्या संध्याकाळी टेबलाच्या टोकाला झाकलेलं ताट नव्हतं, आणि त्याला दुपारची पोळी मिळाली, तुपाशिवाय.

सोमवारी मिसेस गोहंनी त्याला कॉरिडॉरमधल्या बुटांवरून झापलं. ऑफिसनं प्रोबेशनचं पत्र चुकून गेलं म्हणून माफी मागितली. मी त्याला कॉफी शॉपमध्ये नावानं हाक मारली. पहिल्या तारखेला दोन डॉलर कापले गेले, तर तो पासबुक घेऊन मला दाखवायला खाली आला. लग्नाच्या फोटोत आता दोन्ही चेहरे दिसतात.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सूटकेस राहिली.

बँक ती परत घेईना. त्यानं ती सरकारनं इथल्या घरांत बांधून दिलेल्या बॉम्ब शेल्टरच्या खोलीत ठेवली, जिथे आपण सगळे छत्र्या आणि राईस कुकर ठेवतो, आणि पोलादी दार लावून टाकलं. तिसऱ्या दिवशी छत्री काढायला दार उघडलं, तर सातही छत्र्या जागेवर, सूटकेस नाही. त्याच संध्याकाळी जेवताना इरा म्हणाली, "पप्पा, दॅट अंकल नेव्हर कम आल्रेडी. ही सो पुअर थिंग, लाह."

दीप्ती ओट्यापाशी होती. तिनं एक ताट वाढलं. गरम पोळी, वांग्याची भाजी, डाळीवर तूप. त्याच्यावर दुसरं ताट झाकलं आणि टेबलाच्या टोकाला ठेवलं.

रत्नदीपनं विचारलं, "हे कुणासाठी?"

"त्या भाऊंसाठी," ती म्हणाली. "येतीलच इतक्यात."

तेव्हापासून हे रोजचं आहे. रत्नदीपच्या हिशेबानं हे दुसरं सोडलेलं खातं, त्या नव्या माणसाचं. साडेसातच्या सुमाराला लिफ्टचं दार उघडतं. सूटकेसची चाकं तीन-चार फरश्यांवरून वाजतात आणि थांबतात. बेल वाजत नाही. तिथे उभं राहिलं की घरातलं काय काय ऐकू येतं, हे रत्नदीपइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून त्या वेळी इरानं शाळेतली कितीही मोठी गंमत सांगितली तरी तो तोंडावर हात धरून हसू आत ढकलतो, आणि लिफ्ट खाली जाईपर्यंत तसाच बसून राहतो.

सकाळी ते ताट धुऊन ओट्यावर उपडं घातलेलं असतं. दीप्ती म्हणते मी धुतलं नाही. रत्नदीप विचारत नाही.